अंतराचं पथ्य

ओजूने बोललेला पहिला शब्द 'पाणी' होता आणि तिने गमावलेला पहिला शब्दही तोच होता. रांगायला लागली तेव्हा माठापाशी जाऊन ती "पानी, पानी" करत त्याच्यावर थापट्या मारायची. तीन वर्षांची झाली तेव्हा तहान लागली की माठाकडे नुसती बघत उभी राहायची. डोळ्यांत तहान दिसायची, पण तोंडात शब्द नसायचा.

शर्वरी आणि ऋषिकेश थोरबोले या नवरा-बायकोचं बार्शीत, बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चष्म्यांचं दुकान होतं. डोळे तपासायचं काम आता यंत्रच करायचं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम शर्वरीचं आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं ऋषिकेशचं. त्यांची एकुलती एक ओजस्वी, म्हणजे ओजू, काउंटरच्या आत चटईवर खेळत असायची.

तिला पहिली फिट तिथेच आली. शर्वरी कुणाच्या तरी चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती. ओजू मान तिरकी करून एका कोपऱ्याकडे टक लावून बघतेय, एवढंच तिला दिसलं. तिला वाटलं, आरशावरून पडलेला कवडसा बघत असेल. मग ओजूचा उजवा हात हिसके द्यायला लागला, ओठांचा रंग उडाला आणि गिऱ्हाईकच ओरडलं, "अहो ताई, पोरीकडं बघा!"

त्यानंतर औषधं सुरू झाली. प्रत्येक नवं औषध काही दिवस लागू पडायचं आणि मग थकल्यासारखं मागे हटायचं. प्रत्येक फिट जाताना काहीतरी घेऊन जायची. आधी पाणी गेलं, मग माऊ गेली, मग बाबा गेला. 'आई' तेवढी उरली होती, आणि तीही आता ओजू फार विचार करून म्हणायची.

सोलापूरच्या डॉक्टर रेश्मा बागवान लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या तज्ज्ञ होत्या. सगळे कागद बघून झाल्यावर त्यांनी ओजूच्या डोक्याबद्दल काहीच विचारलं नाही. तिच्या शीची तपासणी करायला सांगितली. आठवडाभराने त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"आजार डोक्यात दिसतोय," त्या म्हणाल्या, "पण तो निघतोय पोटातून."

आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, हे शर्वरीने शाळेत वाचलं होतं. ते अन्न पचवायला मदत करतात इतपत तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. हे जिवाणू आपल्यासाठी जीवनसत्त्वं बनवतात, शरीराच्या संरक्षक पेशींना आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवतात, आणि अशी रसायनं तयार करतात जी रक्तातून, तसंच पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूवरून वरपर्यंत परिणाम करतात. मेंदूतल्या पेशी सतत एकमेकींना इशारे देत असतात. ते इशारे हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून एक रसायन त्यांना आवर घालत असतं. ओजूच्या आतड्यातली जिवाणूंची एक जात त्या रसायनाचा कच्चा मालच खाऊन टाकत होती. बहुतेक माणसांना त्याने काही होत नाही. पण ओजूसारख्या काही मुलांच्या जनुकांत एक बारीकसा फरक असतो, आणि त्यांच्या मेंदूला तेवढी तूटही सोसत नाही.

"मग ती जात मारून टाका की," ऋषिकेश म्हणाला.

"एकटीला मारता येत नाही. सगळी वस्तीच उठवावी लागते आणि दुसरी वसवावी लागते."

त्या उपचाराला लोक 'पोटपालट' म्हणायला लागले होते. आधी जोरदार औषधांनी आतडी धुऊन काढायची, मग निरोगी माणसांच्या विष्ठेतून वेगळे करून, तपासून, वाळवून ठेवलेले जिवाणू कॅप्सूलमधून द्यायचे. ऋषिकेशच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून डॉक्टर म्हणाल्या, "पांढरी पूड असते हो. वास नाही, चव नाही. ताकात घालून द्या."

पोटपालट झाल्यावर महिना गेला आणि फिट आली नाही. आणखी एक महिना गेला. तपासणीहून परत येताना बस वैरागच्या पुढे थांबली होती, बाहेर एक माणूस म्हशीला बादलीतून पाजत होता. शर्वरीच्या मांडीवर बसलेल्या ओजूने खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "पाणी."

शर्वरीने ऋषिकेशकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. दोघंही काही बोलली नाहीत. बोललं तर तो शब्द पुन्हा उडून जाईल असं वाटत होतं. ओजू मात्र बार्शी येईपर्यंत थांबली नाही. "पाणी. म्हस पाणी. आई, म्हस पाणी पिती."

ते सहा-सात महिने शर्वरीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. ओजू बोलायची आणि तिला गप्प करायला कुणाचा जीव व्हायचा नाही. मग दिवाळीत, करंजीला मुरड घालायला शिकत असतानाच, तिची मान तिरकी झाली.

जुनी जात परत आली होती. डॉक्टरांनी या वेळी तिघांचेही नमुने तपासले.

"एका घरात राहणाऱ्या माणसांचे जिवाणू एकमेकांत मिसळत राहतात," त्या म्हणाल्या. "हातातून, भांड्यांतून, पापा घेताना, एका ताटात जेवताना. त्याला कुणी काही करू शकत नाही. माणसं एकत्र राहतात म्हणजे तेच होतं." मग त्या शर्वरीकडे वळल्या. "ही जात ओजूला मुळात तुमच्याकडून मिळाली, शर्वरीताई. जन्माच्या वेळी. मूल आईच्या पोटातून बाहेर येताना आईचे जिवाणू घेऊनच येतं. दह्याला विरजण लावतात ना, तसं. तुम्हालाही ती तुमच्या आईकडून मिळाली असणार. ऋषिकेशना तुमच्या सहवासातून."

"म्हणजे मीच दिलं तिला हे."

"तुम्ही तिला बाकीचं चांगलंही सगळं दिलंय. त्यातलं हे एक तिला सोसलं नाही."

शर्वरीने मान हलवली, पण पुढचं वाक्य तिच्या कानात शिरलं नाही.

मग दोघांनीही पोटपालट करून घेतली. ऋषिकेशच्या आतड्यातून ती जात गेली ती गेलीच. शर्वरीच्या आतड्यात ती परत उगवली. पुन्हा धुऊन काढली, पुन्हा आली. त्या जिवाणूंचे बीजाणू असतात, कडक कवचाचे; औषध आलं की ते कवचात मिटून बसतात आणि औषध गेलं की उघडतात. ते अपेंडिक्समध्ये दडून बसत असतील म्हणून शर्वरीने तेही काढून टाकलं. टाके सुकतायत तोवर तपासणीचं उत्तर आलं. ती जात होतीच.

डॉक्टर बागवान त्या दिवशी बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ओजूची पुन्हा पोटपालट करता येईल. पण नंतर तिला अंतराचं पथ्य पाळावं लागेल. तुमच्यापासून."

"किती दिवस?"

"खरं सांगू? कुणालाच माहीत नाही. ही विद्या नवी आहे. मोठी होईपर्यंत, असं धरून चाला. भेटायचं तर उघड्यावर, लांबून. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. आणि तुमच्याबरोबर जो राहील त्यानेही तिच्याजवळ जायचं नाही."

ऋषिकेशला हे शेवटचं वाक्य घरी आल्यावर नीट कळलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ होती, गॅसवर दूध तापत होतं.

"मी नाही नेणार तिला तुझ्यापासून लांब," तो म्हणाला. "औषधं चालू ठेवू. येतील फिटा तर येऊ देत. एकत्र तर राहू."

"ऋषी, 'आई' एवढा एकच शब्द राहिला होता तिच्याकडे. तोही गेला असता. मग ती माझ्या मांडीवर असती, पण मी तिची कोण ते तिला कळलं नसतं."

"आणि आता?"

"आता ती लांब असेल. पण तिला कळेल."

दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

ऋषिकेशची थोरली बहीण, प्राजक्ताताई, गडहिंग्लजला राहायची. नवरा वारला होता, मुलगा नोकरीला परदेशी होता, घर मोठं आणि रिकामं होतं. तिने एका शब्दानेही काही विचारलं नाही. "घेऊन ये की, तूही इथंच राहा," एवढंच म्हणाली.

सोलापूरच्या दवाखान्यात ओजूला पोटपालटीच्या बंद खोलीत न्यायच्या आधी शर्वरीने तिची वेणी घातली. तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. ओजू म्हणाली, "आई, ओढू नको ना," आणि शर्वरी म्हणाली, "नाही ओढत, झालंच." आत गेल्यावर नर्सने ओजूला आंघोळ घातली. वेणीचा गुलाबी रबरबँड काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. शर्वरीने तो दाराच्या गोल काचेतून बघितला.

पहिली भेट तीन महिन्यांनी झाली. गडहिंग्लजच्या बाहेर एका माळावर ऋषिकेश ओजूला घेऊन आला. शर्वरी लांब, एका बाभळीपाशी उभी होती. ओजूने तिला बघितलं, बापाचं बोट सोडलं आणि पळत सुटली.

शर्वरी मागे सरली. ओजू पळतच येत होती. शर्वरी वळली आणि ओजूपासून लांब पळायला लागली. ओजूला वाटलं, आई पकडापकडी खेळतेय. ती खदखदून हसली, "आले, आले, पकडलं!" असं ओरडत मागे लागली. शर्वरीला ते हसू पाठीवर जाणवत होतं. तिची चप्पल निसटली, काट्यांवरून ती तशीच पळत राहिली. ओजू हसत होती, मग धापा टाकायला लागली, मग "आई, थांब ना" म्हणायला लागली, आणि मग नुसती रडायला लागली. ऋषिकेशने मागून येऊन तिला उचललं तोपर्यंत शर्वरी माळाच्या पार टोकाला पोचली होती. तिथून तिने वळून बघितलं. ऋषिकेशच्या खांद्यावरून ओजूचे दोन हात तिच्याकडे पसरलेले होते.

पुढच्या भेटीला ओजू पळाली नाही. बापाच्या पायाशी उभी राहून तिने लांबूनच हात हलवला.

बाकी सगळं फोनवर चालायचं. पडद्यावर ओजूचे दात पडले, नवे आले, ती जोडाक्षरं वाचायला लागली. शर्वरीने एकदा हाताने फ्रॉक शिवून पाठवला, उकळत्या पाण्यात धुऊन, कडक इस्त्री करून. प्राजक्ताताईच्या घरातल्या संडासाला संवेदक बसवलेला होता, तो रोज ओजूच्या पोटातल्या वस्तीची मोजदाद करून सोलापूरला कळवायचा. फ्रॉक घातल्यावर त्याने एक दिवस धोक्याची खूण दाखवली. दुसऱ्या दिवशी ती गेली, काही झालं नाही, पण ताईने तो फ्रॉक जाळून टाकला. "वाईट वाटून घेऊ नकोस," तिने फोनवर सांगितलं. शर्वरी म्हणाली, "नाही ताई, बरं केलंत." त्यानंतर ती फक्त कारखान्यातून बंद होऊन आलेल्या वस्तू पाठवायची.

ऋषिकेश सुरुवातीला बार्शीला यायचा. दुकानाच्या पायरीवर दोघं बसायची, तो स्वतःची पाण्याची बाटली आणि डबा घेऊन. एकदा मात्र त्याने डबा उघडलाच नाही. "तुझ्या हातची भाकरी वाढ," म्हणाला. त्या दिवशी तो घरीच राहिला. सकाळी तो गेला तो गडहिंग्लजला नाही, सरळ सोलापूरच्या दवाखान्यात. पुन्हा औषधं, पुन्हा धुणं, अशक्तपणा. आणि तिकडे ओजू आत्याकडे जेवेना, "बाबा कुठाय" एवढंच विचारायची. ते कळल्यावर शर्वरीनेच त्याला सांगितलं, "असं परत करू नकोस." त्याने केलं नाही. हळूहळू त्यांच्या बोलण्यात शाळा, कपडे आणि तपासण्या एवढंच उरलं. भांडण कधीच झालं नाही. भांडायलासुद्धा जवळ असावं लागतं.

डॉक्टरांनी शर्वरीला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की तिच्यापासून दुसऱ्या कुणालाच काही धोका नाही. तिला ते पटायचं. तरी शेजारच्या मंजिरीने माहेरपणाला आल्यावर आपलं बाळ तिच्या मांडीवर द्यायला पुढे केलं, तेव्हा शर्वरीचे हात आपोआप पाठीमागे गेले. "दुकानातून आलेय गं, हात घाण आहेत," ती म्हणाली. नंतर तिला कुणी बाळ दिलं नाही.

ओजू तेरा वर्षांची झाली. तिला फिट कशी असते हे आठवतही नव्हतं.

एका रविवारी डॉक्टर बागवान स्वतः बार्शीला आल्या. त्यांचे केस पांढरे झाले होते, त्या आता निवृत्त झाल्या होत्या. दुकान बंद होतं, शर्वरी घरीच होती.

"हे फोनवर सांगायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"ओजूला काही झालं का?"

"नाही, नाही. ती ठणठणीत आहे." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "अशा मुलांचा वेगवेगळ्या देशांत इतकी वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष आता आलेत. नवी वस्ती पहिली एक-दोन वर्षं कच्ची असते. तेवढ्यात बाहेरचं कुणी आलं तर शिरकाव होतो. पण एकदा ती बसली की मग सगळी जागा, सगळं अन्न तिच्याच ताब्यात जातं. बाहेरून कितीही जिवाणू आले तरी त्यांना मूळ धरता येत नाही."

"म्हणजे?"

"ओजू सहा वर्षांची झाली तेव्हापासून तुम्ही तिच्याजवळ राहिला असतात तरी चाललं असतं."

बाहेरून कुणाच्या तरी घरचा मिक्सर ऐकू येत होता. तो थांबल्यावर शर्वरीने विचारलं,

"हे कळलं कसं?"

"काही घरांना पथ्य जमलं नाही. वर्ष-दोन वर्षं पाळलं आणि मग त्यांनी मुलांना घरी आणलं, कुणाला न सांगता. ती मुलंही बरी राहिली. त्यांच्यावरूनच कळलं."

"ज्यांना जमलं नाही, त्यांचीही बरी राहिली."

"हो."

"आणि मला जमलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून मी सांगितलं, शर्वरीताई. पण सांगितलं मीच."

"तुम्ही नसतात तर ती राहिली नसती," शर्वरी म्हणाली. ते खरं होतं आणि तिला ते मनापासून म्हणायचं होतं. पण म्हणताना तिचा आवाज असा निघाला की डॉक्टरांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणी आपल्याला हात लावल्याला किती काळ लोटला होता, ते शर्वरीला आठवेना.

त्या आठवड्यात तिने आतल्या खोलीला रंग दिला, नवा पलंग आणला, आणि गडहिंग्लजला गेली.

ओजू दारातच उभी होती, शर्वरीच्या कानापर्यंत उंच झालेली. ऋषिकेश मागे उभा राहून म्हणाला, "आता चालतं, ओजू." ओजू पुढे आली आणि तिने वाकून शर्वरीला नमस्कार केला, घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना करतात तसा. शर्वरीने तिला खांद्यांना धरून उठवलं आणि जवळ घेतलं. हाताखाली ते खांदे ताठ झाले. तिने लगेच सोडलं. ओजू हसली, "येते हां," म्हणाली आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

"सवय लागलीय गं तिला," प्राजक्ताताई म्हणाली. "तूच नाही, कुणीही आलं तरी धुते."

ओजू वाईट वागली नाही. उलट फार चांगलं वागली. जेवताना विचारायची, "तुम्ही भात घेणार ना?" सकाळी विचारायची, "तुम्हाला झोप लागली का?" मैत्रीण आली तेव्हा तिने ओळख करून दिली, "या माझ्या बार्शीच्या आई." प्राजक्ताताईशी मात्र ती भांडायची, तिच्या पदराला हात पुसायची, "ए आतू, तू पुन्हा माझा डबा विसरलीस ना" असं दारातून ओरडायची. शर्वरी समोरच्या खुर्चीत बसून ते 'तू' ऐकायची.

तिसऱ्या दिवशी ओजू तिच्याजवळ येऊन बसली, मध्ये थोडी जागा ठेवून.

"एक विचारू? तुम्हाला राग नाही ना येणार?"

"विचार की."

"मला बार्शीला यायलाच लागेल का?"

ओजूने लगेच घाईघाईने पुढे सांगितलं, "मला माहीताय, तुम्ही माझ्यासाठी सगळं केलंत. बाबांनी सांगितलंय. मी लहान असताना तुम्ही माळावर पळत होतात, ते मला अजून आठवतं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, मी काहीतरी वाईट केलं म्हणून तुम्ही पळताय."

"तू काहीच केलं नव्हतंस, बाळा."

"ते आता कळतं ना. तेव्हा कळत नव्हतं." तिने हाताची बोटं एकमेकांत गुंतवली. "मी सुट्टीत येईन. खरंच येईन. पण राहायला… माझं सगळं इथंच आहे."

नाही म्हणायचा हक्क शर्वरीला होता. ऋषिकेश तिच्या बाजूने उभा राहिला असता. प्राजक्ताताईनेसुद्धा मन घट्ट करून ओजूची बॅग भरली असती. शर्वरीने मुलीच्या तोंडाकडे बघितलं. प्रश्न विचारताना तिला भीती वाटत होती, तरी तिने तो किती नीट विचारला होता. एकही शब्द अडला नव्हता.

"नाही लागणार," शर्वरी म्हणाली. "सुट्टीत ये."

ती दुसऱ्या दिवशी निघणार होती. पण त्याच दुपारी ओजू शाळेतून लवकर आली ती तोंड लाल झालेलं घेऊन. अंगात ताप होता. शाळेत निम्मा वर्ग असाच आजारी होता. ती येऊन पलंगावर आडवी झाली. ऋषिकेश कामावर होता, प्राजक्ताताई मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. शर्वरीने वाटीत पाणी घेतलं, रुमाल भिजवला आणि ओजूच्या कपाळावर ठेवला. ओजूने विरोध केला नाही. शर्वरीने रुमाल उलटा केला, कपाळावरचे केस मागे सारले. कान, हनुवटी, मानेमागची लव; ज्या जागा तिला पाठ होत्या त्या सगळ्या बदलल्या होत्या. तरी ती हात फिरवत राहिली. ओजूचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ व्हायला लागला होता.

"आतू," डोळे न उघडताच ती म्हणाली, "तू ये ना इथं. डोकं दुखतंय."

शर्वरीचा हात थांबला. क्षणभर तिला वाटलं, गप्प राहावं. ओजूला कळणारही नाही. मग तिने रुमाल वाटीत ठेवला, उठली आणि मागच्या अंगणात गेली.

"ताई, ओजू तुम्हाला बोलावतेय. ताप आहे तिला."

"अगं, मग तू बस की तिच्यापाशी. आता तर चालतं."

"तुम्हालाच हाक मारतेय."

प्राजक्ताताईने तिच्याकडे बघितलं. ओचा झटकून, फोलपटं तशीच टाकून ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, "काय गं माझ्या सोन्या, बघू," आणि ओजूचं कण्हणं, थोडं लाडाचं, थोडं तक्रारीचं, आणि मग दोघींचं हळू आवाजातलं बोलणं.

शर्वरी ताईच्या पाटावर बसली. कान आतच होते. तापात लहान मुलांना काय काय होऊ शकतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने वाट बघितली. आतून भांड्याचा आवाज आला, ओजू पाणी मागत होती, मग 'गार नको, माठातलं नको' म्हणून कुरकुरत होती. ताप होता, नुसता ताप. आला होता तसा दोन दिवसांत जाणार होता, आणि जाताना काहीही बरोबर नेणार नव्हता.

तिने सूप जवळ ओढलं. ढीग अजून बराच होता. ती एकेक शेंग फोडून दाणे सुपात टाकत राहिली.